पडद्यावरचं विमान, वर्गातलं मूल

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या एका तरुणीला जन्मठेप सुनावली आणि त्या निकालाची चर्चा परदेशातल्या वर्तमानपत्रांतही झाली. चर्चेचं कारण पुराव्यात होतं. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, तिच्यासमोर घटनेबद्दलची वाक्यं एकामागून एक वाचली गेली होती. तिनं काही बोलायचं नव्हतं. मेंदूतल्या विद्युतलहरींची जी नोंद झाली, तिच्यावरून तिला त्या घटनेचा प्रत्यक्ष अनुभव असल्याचा निष्कर्ष काढला गेला. खटल्यात इतरही पुरावा होता, पण या चाचणीला न्यायालयानं बरंच वजन दिलं. ही पद्धत पूर्वी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केली होती. त्याच वर्षी निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं, आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (म्हणजे मेंदूलहरींची अशी चाचणी) करणं घटनाबाह्य ठरवलं. या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की आलेख खोटा नव्हता. यंत्रानं टिपलेल्या लहरी खऱ्याच होत्या. आलेखावरून जो दावा केला गेला, त्याला पुरेसा पुरावा नव्हता.

तेच इलेक्ट्रोड आणि त्याच लहरी आज पुण्यात वेगळ्या कामासाठी वापरल्या जातात. शहरातल्या काही क्लिनिकमध्ये ‘न्यूरोफीडबॅक’ किंवा ‘ब्रेन ट्रेनिंग’ या नावानं वीस, तीस, चाळीस सिटिंगचे कोर्स असतात. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचं) निदान झालेली मुलं तिथे येतात, झोप उडालेले आयटीतले लोक येतात, चिंतेनं हैराण झालेले येतात, स्पर्धा परीक्षेसाठी एकाग्रता वाढवायची म्हणूनही येतात. इथे कोणाला शिक्षा करायची नसते, बरं करायचं असतं, आणि हे काम करणारे बहुतेक जण ते मनापासून करतात. तरीही कोर्स सुरू करण्याआधी रुग्णानं विचारायचा प्रश्न तोच राहतो: लहर आणि दावा यांच्यामध्ये पुरावा किती आहे? माझं म्हणणं असं, की न्यूरोफीडबॅकनंतर अनेकांना बरं वाटतं हे खरं आहे. पण ते लहरींना वळण लागल्यामुळे वाटतं, असं काटेकोर चाचण्यांत ठामपणे दिसून आलेलं नाही. हा वाद अभ्यासकांपुरता ठेवून चालणार नाही. पैसे किती घालायचे, चालू गोळ्यांचं काय करायचं आणि थांबायचं कधी, हे तिन्ही निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत.

आधी प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात, कारण तेलाचा थर इलेक्ट्रोडला नीट टेकू देत नाही. टाळूच्या मध्यभागी त्वचेचा छोटा भाग खरखरीत जेलनं पुसून तिथे पेस्ट लावतात आणि चकतीसारखा इलेक्ट्रोड बसवतात. कानाच्या पाळ्यांना दोन क्लिपा लागतात. मेंदूत वीज सोडली जात नाही, फक्त टिपली जाते. ती इतकी क्षीण असते, की व्होल्टच्या दशलक्षाव्या भागात मोजावी लागते. संगणक त्या लहरी वेगानुसार वेगळ्या करतो. सेकंदाला साधारण ४ ते ८ आवर्तनं असतील तर थीटा, ८ ते १२ असतील तर अल्फा, त्याच्या वर बीटा. एडीएचडीसाठीच्या नेहमीच्या पद्धतीत थीटा कमी आणि बीटा जास्त झाला, की पडद्यावरचं विमान वर उडतं किंवा थांबलेलं कार्टून पुढे चालू लागतं. नाहीतर चित्र अंधूक होतं. मुलाला ‘असं कर, तसं कर’ सांगितलं जात नाही. विमान उडत राहील असं काहीतरी त्यानं आपोआप शिकावं, अशी कल्पना आहे. एक सिटिंग अर्धा-पाऊण तासाचं, आठवड्यातून दोन-तीन वेळा.

ही कल्पना कोणा फिरत्या वैदूची नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माणसाच्या मेंदूतल्या लहरींची पहिली नोंद जर्मनीतल्या येना इथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. योगायोग असा, की त्याच १९२४ साली पुण्यापासून जवळच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाभ्यासाचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूतल्या लहरींवरचा निबंध प्रसिद्ध केला; समाधीत असताना बाहेरच्या आवाजानं किंवा प्रकाशानं त्यांचा अल्फा मोडत नसल्याचं त्यांना आढळलं होतं. त्याच सुमारास शिकागोत जो कामिया माणसांना स्वतःच्या अल्फा लहरी ओळखायला शिकवत होते. आणि साठच्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं, बक्षीस म्हणून दूध देऊन. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी द्रव्यामुळे येणारे झटके या शिकलेल्या मांजरांना उशिरा आले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण प्रयोगात काय अपेक्षित आहे हे मांजराला ठाऊक नसतं. अपस्माराच्या रुग्णांवरचे पहिले प्रयोग १९७२ पासूनचे; मुलांमधल्या अतिचंचलतेवर जोएल लुबार यांचं काम १९७६ पासूनचं.

म्हणजे पन्नास वर्षं झाली. एवढ्या काळात एखादा उपचार एकतर पक्का व्हायला हवा किंवा बाजूला पडायला हवा. न्यूरोफीडबॅकच्या बाबतीत दोन्ही झालं नाही, आणि त्याचं एक कारण मोजमापातच आहे. डोक्याच्या कवटीबाहेरून जे ऐकू येतं ते लाखो पेशींनी एका तालात केलेलं काम. लक्ष्मी रोडवर ढोलपथक वाजत असताना चार गल्ल्या सोडून उभं राहिलं तर ठेका कळतो, पण कोणता वादक चुकला ते कळत नाही. लहरींचं तसंच आहे. त्यात डोळ्यांची उघडझाप, कपाळाला पडलेली आठी, आवळलेला जबडा यांची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार असते. दात आवळले की वेगवान लहरी वाढल्यासारख्या दिसतात, आणि बीटा वाढला म्हणून बक्षीस मिळत असेल तर मूल नकळत दात आवळायला शिकू शकतं. कुशल माणूस हे पाहून गाळतो. तेवढी नजर नसलेल्याच्या हाताखाली तेच मूल ‘छान प्रगती’ करताना दिसेल. आणखी एक बारकावा असा, की किती बदल झाला म्हणजे विमान उडायचं, याची पातळी अनेक यंत्रांत आपोआप खाली-वर होते. मुलाला निराशा येऊ नये म्हणून ती सोय असते. पण तिच्यामुळे मेंदूनं काहीच शिकलं नाही तरी विमान उडत राहतं. म्हणून पालकांनी हे विचारून घ्यावं: पातळी स्थिर ठेवता की आपोआप बदलते? स्नायूंचा गोंधळ कसा ओळखता? ज्याला काम येतं त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता मुख्य पुरावा. तो एडीएचडीत सर्वांत जास्त आहे, म्हणून तिथे जरा थांबू. सुरुवातीच्या अभ्यासांत एका गटाला न्यूरोफीडबॅक दिलं जाई आणि दुसऱ्याला काहीच नाही, किंवा प्रतीक्षा यादीत ठेवलं जाई. फरक कोण सांगणार, तर आई-वडील. आठवड्यातून दोनदा, सिंहगड रोडच्या किंवा हिंजवडीच्या रहदारीतून मुलाला नेणारे, त्यासाठी सुट्टी काढणारे, पैसे भरणारे आई-वडील. त्यांना फरक दिसला नाही तरच नवल. ते खोटं बोलत नाहीत. इतकं काही केल्यावर माणूस आशेनंच पाहतो. २०१६ मध्ये सॅम्युएल कॉर्तेसे आणि सहकाऱ्यांनी १३ चाचण्या, म्हणजे ५२० जण, एकत्र तपासले. उपचार कोणाला मिळतोय हे माहीत असलेल्यांच्या मोजमापात सुधारणा दिसली. ज्यांना ते बहुधा माहीत नव्हतं, म्हणजे मुख्यतः शिक्षक, त्यांच्या मोजमापात ती ठळकपणे उरली नाही. याच गोष्टीचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत दोन ठिकाणी एक मोठी चाचणी झाली. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, सगळ्यांचं निदान काटेकोर, आणि सगळ्यांच्या थीटा-बीटाचं प्रमाण मुळातच वाढलेलं, म्हणजे या उपचाराला सर्वांत योग्य मानली जाणारी मुलं. काहींना खरं न्यूरोफीडबॅक. इतरांना तेच इलेक्ट्रोड, तोच पडदा, तितकीच सिटिंग, पण पडद्यावर दिसणारं चित्र त्यांच्या स्वतःच्या मेंदूशी जोडलेलं नव्हतं. कोण कोणत्या गटात हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांना झोप आणि आहाराबद्दल सल्लाही दिला गेला. दोन्ही गट सुधारले, आणि चांगलेच सुधारले. पण दोघांमध्ये अर्थपूर्ण फरक उरला नाही, उपचार संपताना नाही आणि १३ महिन्यांनंतरही नाही.

मेंदूशी न जोडलेल्या विमानानंही मूल सुधारलं, तर ते कशामुळे, हे शोधणं पालकांच्या दृष्टीनं फार कामाचं आहे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी एक मोठं माणूस त्या मुलाकडे पूर्ण लक्ष देतं, रागावत नाही, छोट्या यशाचं कौतुक करतं. मूल अर्धा तास एका जागी बसायचा सराव करतं. घरात झोपेची वेळ पाळली जाऊ लागते. ‘याचा मेंदू वेगळा चालतो’ हे कळल्यावर आई-वडिलांचं ओरडणं कमी होतं. शिवाय माणसं मदतीला येतात ती बहुधा परिस्थिती सर्वांत बिघडलेली असताना, शाळेतून चिठ्ठी आल्यावर किंवा परीक्षेचा निकाल लागल्यावर. त्या टोकापासून काही प्रमाणात मागे येणं आपसूकच घडतं. आणि चाळीस सिटिंगच्या काळात मूल तीन ते पाच महिन्यांनी मोठं होतं. यातल्या बऱ्याच गोष्टी इलेक्ट्रोडशिवायही करता येतात, त्याही कमी खर्चात.

इथे साहजिक आक्षेप येतो: फरक पडला ना? मग तो लहरींमुळे असो की लक्ष दिल्यामुळे, आम्हाला काय करायचंय? हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि पैसा व वेळ भरपूर असलेल्या, सौम्य त्रास असलेल्या प्रौढ माणसानं तो स्वतःपुरता मांडला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण कारण चुकीचं समजलं की पुढचे निर्णय चुकतात. लहरींमुळे फरक पडला असं मानलं, तर फरक ओसरल्यावर ‘अजून वीस सिटिंग घ्या’ हा सल्ला पटतो. फरक नाही पडला तर ‘याच्या मेंदूचा पॅटर्न जास्त अवघड आहे’ हे स्पष्टीकरणही पटतं. म्हणजे उपचार कधीच चुकीचा ठरू शकत नाही. उलट फरक शिस्तीमुळे, झोपेमुळे आणि कौतुकामुळे पडला हे कळलं, तर त्याच गोष्टी घरात कायम ठेवता येतात. वेळेचीही गोष्ट आहे. तिसरीतल्या मुलाचं एक वर्ष गेलं तर वाचन-लेखनाचा पाया मागे पडतो, आणि ते वर्ष परत आणता येत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. ते म्हणतात, खोटं न्यूरोफीडबॅक हेही निष्क्रिय नसतं, त्यातही मूल स्थिर बसायला शिकतं. शिवाय अनेक चाचण्यांतली पद्धतच सदोष होती. पहिला मुद्दा मान्य केला तरी तो या उपचाराच्या बाजूनं जात नाही. स्थिर बसण्याचा सराव हाच औषध असेल, तर महागड्या यंत्राची गरज काय? दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘जामा सायकियाट्री’त वेस्टवुड आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण आलं, ३८ चाचण्या आणि २,४७२ जण. एकूण लक्षणांवर, उपचार बहुधा माहीत नसलेल्यांच्या मोजमापात, परिणाम जवळजवळ शून्य निघाला. फक्त मान्यताप्राप्त पद्धती वापरलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर अल्पसा फायदा दिसला, आणि विचाराच्या वेगावर थोडासा. तेव्हा ‘यात काहीच नाही’ असं छातीठोकपणे म्हणणं चूक ठरेल. पण एवढ्याशा फायद्याच्या जोरावर ‘गोळ्यांना पर्याय’ अशी जाहिरात करणंही चूकच आहे. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका तक्त्यात बायोफीडबॅकला वरचा दर्जा दिला गेला होता, आणि माहितीपत्रकांतून तो अजूनही दाखवला जातो. त्याच संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र याला शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं आहे. दाखवणाऱ्यानं दोन्ही दाखवायला हवं.

गोळ्यांची भीती हा या सगळ्याचा मूळ झरा आहे, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटनं भूक मंदावते, झोप उशिरा लागते, काही मुलांची वाढ थोडी कमी होते. नाडी-रक्तदाब पाहावा लागतो. पण त्या गोळीचा परिणाम आंधळ्या चाचण्यांत, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे लपवून केलेल्या चाचण्यांत, पुन्हापुन्हा दिसलेला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती, आणि १४ महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. त्याच मुलांचा तीन वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा गटांमधला तो फरक उरला नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. गोळी हा जन्मभराचा तोडगा नाही. सौम्य लक्षणं असतील किंवा मूल फार लहान असेल तर डॉक्टरही आधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण देतात. तेव्हा गोळी नको असेल तर तिला पर्याय आहेत, आणि पुराव्यानिशी आहेत. न्यूरोफीडबॅकचेही त्रास अगदीच नाहीत असं नाही, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, झोपेत बदल असं होऊ शकतं. बहुतेक वेळा ते सौम्य असतं आणि टिकत नाही. मोठा धोका आहे तो चालू औषध परस्पर बंद करण्याचा. अपस्माराच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर न थांबणारे झटके येऊन जीव जाऊ शकतो. मनोविकाराच्या गोळ्याही एकदम थांबवू नयेत. बदल करायचा असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच करावा.

बाकीच्या आजारांबद्दल थोडक्यात. निद्रानाशावर साल्झबर्गच्या मान्युएल शाबुस यांच्या गटानं २०१७ मध्ये खऱ्या आणि खोट्या न्यूरोफीडबॅकची तुलना केली. दोन्ही वेळा लोकांना झोप सुधारल्यासारखी वाटली, लहरींच्या नोंदीत मात्र सुधारणा दिसली नाही. आघातानंतरच्या मानसिक विकारावर २०१६ ची ५२ जणांची चाचणी आशादायक आहे, पण तुलना प्रतीक्षा यादीशी होती. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर निम्हान्समध्ये जमुना राजेश्वरन यांच्या गटानं काम केलं आहे, ते संशोधन म्हणून मोलाचं आहे. अपस्मारात प्राण्यांवरचा पाया भक्कम, माणसांवरच्या चाचण्या छोट्या. स्वमग्नता ‘बरी’ करण्याचा किंवा बुद्ध्यांक वाढवण्याचा दावा कोणी करत असेल, तर तिथून उठून यावं.

एका गोष्टीनं मात्र पुष्कळ लोक फसतात, ती म्हणजे रंगीत ‘ब्रेन मॅप’. लाल-निळ्या डागांची डोक्याची चित्रं, सोबत दहा-बारा पानांचा अहवाल, आणि त्यात ‘पुढचा भाग कमी सक्रिय’ अशी वाक्यं. चित्र पाहून पालकांचा जीव खाली-वर होतो. प्रत्यक्षात रात्री झोप झाली नाही, सकाळी कॉफी घेतली, मूल कंटाळलं, एवढ्यानंही हे रंग बदलतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये थीटा-बीटाचं प्रमाण मोजणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली, ती डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून. तीन वर्षांनी तिथल्या न्यूरॉलॉजी अकादमीनं संशोधनाबाहेर एडीएचडीच्या निदानासाठी हे प्रमाण वापरू नये असं स्पष्ट केलं. एडीएचडीचं निदान आजही इतिहासावरून होतं: बारा वर्षांच्या आतली सुरुवात, सहा महिन्यांहून जास्त काळ, घर आणि शाळा दोन्हीकडे त्रास. इथे एक धोका फार बारकाईनं पाहायला हवा. वर्गात मध्येच काही सेकंद टक लावून थांबणाऱ्या, हाक मारली तरी भानावर न येणाऱ्या मुलाला लक्ष कमी आहे असं वाटतं. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टनं वाचलेला पूर्ण ईईजी (मेंदूलहरींचा आलेख) लागतो, ज्यात ठरलेल्या जागांवर वीसेक इलेक्ट्रोड असतात आणि मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. न्यूरोफीडबॅकच्या दोन-तीन इलेक्ट्रोडांवर त्याची खात्री होत नाही. ऐकू कमी येणं, वाढलेल्या अॅडिनॉइडमुळे रात्री घोरणं आणि दिवसा पेंगणं, वाचनाची अक्षमता, घरातला ताण, हे सगळं आधी पाहिलं जायला हवं.

मेंदूच्याच नावावर महाराष्ट्रात ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्गही येऊन गेले. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखत, अक्षरं वाचत, आणि विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं की ती नाकाजवळच्या फटीतून पाहत होती. न्यूरोफीडबॅकला त्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. याच्यामागे खरं शरीरशास्त्र आहे आणि प्रामाणिक संशोधक आहेत. सारखेपणा पालकांच्या बाजूनं आहे. मुलासाठी काही करायचं राहून जाईल ही धास्ती पुण्यातल्या घराघरांत आहे, आणि ‘मेंदू’ हा शब्द आला की ती दुप्पट होते.

तेव्हा कोर्स घ्यायचा विचार असेल तर क्रम असा असावा असं मला वाटतं. निदान आधी, आणि ते कोर्स विकणाऱ्याकडून नको. पुण्यात ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ते अगदी कमी खर्चात होतं. केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे, खासगी बालमनोविकारतज्ज्ञ आहेत. सिटिंग कोण घेणार ते नावानिशी विचारावं: मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे का. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे उपचार करण्याची पात्रता नव्हे. उपचाराचं स्वरूप आणि त्याचे त्रास आपल्याला कळेल अशा भाषेत समजावून घेणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाचा हक्क आहे. तो मागताना संकोच नको. सगळे पैसे आगाऊ भरू नयेत. आणि पहिल्या सिटिंगच्या आधी कागदावर लिहून ठेवावं, की कोणत्या दोन-तीन गोष्टी बदलल्या तर फायदा झाला म्हणायचं. ‘एकाग्रता वाढली’ असं नको. ‘गृहपाठ एका बैठकीत संपतो’, ‘आठवड्यात वही विसरण्याचे दिवस दोनवर आले’, असं मोजता येणारं हवं. शाळेतल्या बाईंना एडीएचडीच्या लक्षणांची व्हॅन्डरबिल्टसारखी प्रश्नावली सुरुवातीला भरून द्यायला सांगावी आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा, मधे कोणता उपचार चालू आहे हे न सांगता. वर्गातलं मूल बदललं की नाही हे पडद्यावरच्या आलेखापेक्षा त्या कागदावरून जास्त कळेल. पंधरा-वीस सिटिंगनंतर त्या कागदावर काही हललं नसेल तर थांबावं, पडद्यावरचं विमान कितीही उंच उडत असलं तरी.

मुलाला काय सांगायचं, हेही आधीच ठरवावं लागतं. डोक्याला तारा लावून घेणारं आठ वर्षांचं मूल स्वतःबद्दल काही ना काही अर्थ लावतंच. बहुतेकदा असा, की आपल्या डोक्यात बिघाड आहे आणि तो यंत्रानं काढायचाय. विमान उडालं नाही की दोष आपला, असंही त्याला वाटतं. ‘तुझं लक्ष पटकन दुसरीकडे जातं, तसं बऱ्याच मुलांचं जातं, आपण काही गोष्टी करून पाहतोय, त्यातली ही एक; नाही जमली तर दुसरी करू’ एवढं त्याला आई-बाबांनी पहिल्या दिवशीच सांगावं, आणि नको म्हणायची मुभा द्यावी.